उलट्या सीटची जावा

१

शनिवारी सकाळचा चहा झाला की एसेनकुल बादली घेऊन अंगणात यायचा आणि आपली जावा मोटारसायकल धुवायला बसायचा. हा नेम कधी चुकला नाही. थंडीत ओढा गोठला तरी पठ्ठ्या चुलीवर पाणी तापवून आणायचा आणि बोटं लाल होईस्तोवर चाकाच्या तारा पुसत बसायचा. आधी पाणी, मग फडकं, मग चेनला तेल, मग पाना घेऊन एकेक नट दाबून बघणं. त्याची आई सोनुनबुबू दारात उभी राहून म्हणायची, "माझे पाय कधी इतके चोळलेस का रे मेल्या?" तो पुढच्या नटाला पाना लावायचा. गाडीपाशी असताना कुणी बोललेलं त्याला खपत नसे, आणि खरं सांगायचं तर एरवीही फारसं खपत नसे.

अशाच एका शनिवारी त्याच्या लक्षात आलं, मागचं टायर बोडकं झालंय. याच उन्हाळ्यात घातलेलं कोरं टायर! पुढचं अजून नव्यासारखं आणि मागचं पार तुळतुळीत. त्यानं दोनचार शिव्या हासडल्या आणि गाडी घेऊन तिलेककडे गेला. तिलेक त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, बाजाराच्या टोकाला एका लोखंडी कंटेनरमध्ये त्याचं टायरचं दुकान होतं.

तिलेकनं टायरवरून अंगठा फिरवला आणि डोळा मारला. "मागे कुणाला घेऊन फिरतोस रे? बाई चांगली भरभक्कम दिसतेय."

"मी एकटाच फिरतो."

"दोस्तापासून लपवतोस? अरे, हे टायर दोघांखाली झिजलंय. बस बरं गाडीवर." एसेनकुल बसला. मागची स्प्रिंग कुरकुरत पार खाली गेली. "बघ. आता उतर."

तो उतरला. स्प्रिंग अर्धीच वर आली आणि तिथेच थांबली.

"स्प्रिंग गेली तुझी," तिलेक म्हणाला.

"गेली कशी? गेल्या महिन्यात तूच घातलीस ना? भंगार माल गळ्यात मारतोस आणि वर बायाबापड्यांचं बोलतोस!" एसेनकुलनं पाना आपटला. त्याला इतकी तिडीक का आली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

२

ही जावा त्याची पहिली गाडी, पण त्याच्याआधी ती बापाची होती.

बाप, बेक्तुर, गुरांचा डॉक्टर. डोंगरातल्या कळपांना सुया टोचत वर्षभर भटकायचा. डोक्याला रणगाडेवाल्यांची असते तशी कापूस भरलेली काळी टोपी, वर तीन जाड पट्ट्या आणि मागे पोलादी बक्कल. गावातल्या ऐऱ्यागैऱ्याला त्यानं मागे बसवून सोडलं असेल, पण पोटच्या पोराला कधी नाही. एसेनकुल गाडीच्या चार हात जवळ गेला तरी घरातून गर्जना यायची, "हात लावू नकोस!" एकदा टाकीवर नुसता तळवा टेकवला म्हणून अशी कानाखाली बसली होती की दिवसभर कानात शिट्टी वाजत होती. बाप गेला तेव्हा एसेनकुल चांगला मिसरूड फुटलेला झाला होता, पण त्या गाडीचं हँडल त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं.

पूर्वी घरचा पुरुष गेला की त्याचा घोडा 'तुल' करायचे. शेपूट कापायची, खोगीर उलटं घालायचं, वर्षभर त्यावर कुणी बसायचं नाही. वर्षाच्या जेवणाला घोडा कापला की गेलेला मोकळा. बेक्तुरकडे घोडा नव्हता. म्हणून सोनुनबुबूनं काय करावं? जावाच्या हँडलला लटकणारे कातडी गोंडे कात्रीनं कापले, सीट काढून उलटी ठेवली आणि दोरीनं आवळून बांधली. गावानं तोंडात पदर कोंबून हसून घेतलं. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "वर्षाला गाडीचं मटण वाढणार का सोनुनबुबू?"

एसेनकुलच्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंत असताना हात लावू दिला नाही, आणि आता मेल्यावरही गाडी ह्याचीच! चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळं गाव जमलं होतं. त्यांच्या देखत त्यानं सुरीनं दोरी कापली, सीट सरळ केली, आणि मांड टाकून किक मारली.

आई ओरडली नाही. तोंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अरे, तो बसलाय."

एसेनकुल खदाखदा हसला आणि फाटकातून सुसाट बाहेर गेला. काही झालं नाही. ना पडला, ना धडकला. संध्याकाळी परत आला तेव्हा लोक त्याच्याच बाजूनं बोलत होते, लोखंडाला कसला आलाय तुल म्हणून.

३

त्यानंतरची वर्षं त्यानं एकाच हट्टात काढली. बापाचं काही म्हणून गाडीवर ठेवायचं नाही.

आधी तो चेरीसारखा लाल रंग खरवडून काढला आणि गाडी काळी केली. मग हँडल रुंद टाकलं. दिवा बदलला, टाकी बदलली, कार्ब्युरेटर बदलला. सायलेन्सर असा बसवला की बाजारातल्या कोंबड्या फडफडत उडायच्या. नवा भाग लागला की दोस्तमंडळी तो 'धुवायला' हजर, थोडी व्होडका टायरवर आणि बाकीची घशात. तिलेक दर वेळी ग्लास उंचावून म्हणायचा, "बेक्तुरबाबा उठून आले तर गाडी ओळखणारसुद्धा नाहीत!" हे ऐकलं की एसेनकुलला बरं वाटायचं.

फक्त मागची स्प्रिंग काही ताळ्यावर येईना. जाड घातली, त्याहून जाड घातली, शेवटी एका मोठ्या गाडीची काढून बसवली. महिनाभर ताठ राहायची, मग पुन्हा अर्धी बसलेली. तो स्वतःला समजावायचा, आपले रस्ते म्हणजे नुसते दगड, स्प्रिंग टिकणार कशी? पण त्याच रस्त्यांवर तिलेकच्या गाडीची स्प्रिंग टिकत होती.

मग त्यानं आरसे बसवले. जावाला आधी आरसे नव्हतेच. चकचकीत, गोल, परदेशी आरसे. पहिल्याच दिवशी डाव्या आरशाच्या कडेला काहीतरी काळं दिसलं. आपला खांदा असेल म्हणून त्यानं आरसा थोडा वळवला. काळं तिथेच. तीन जाड पट्ट्या, आणि त्यांच्याखाली उन्हात चमकणारं बक्कल.

त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि मागे बघितलं. मागे रिकामी सीट, आणि सीटच्या मागे धुळीचा रस्ता.

बापाची ती टोपी चाळिसाव्यालाच बाकीच्या कपड्यांबरोबर वाटून टाकली होती, डोंगरापलीकडचा कुणी धनगर घेऊन गेला होता. एसेनकुलचं स्वतःचं हेल्मेट लाल होतं. त्यानं काचेत खोट काढली, आरसे बदलले. नव्या आरशातही तेच, नेहमी पाठमोरं. कुणीतरी त्याच्या पाठीला पाठ लावून मागे बघत बसावं, तसं. शेवटी वैतागून त्यानं दोन्ही आरसे आत वळवून टाकले, त्यांत त्याची कोपरं तेवढी दिसत. 'आरसे काय शोभेला लावलेत?' असं कुणी विचारलं की तो अंगावर धावून जायचा.

४

त्याचं लग्न झालं. मुलगी घाटापलीकडची, बुरुल नावाची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. त्याच्यासारख्या तापट माणसाला ती कशी मिळाली, हे गावाला कोडंच होतं. लग्नानंतर पहिल्याच रविवारी तो तिला जावावर मागे बसवून कुरणाकडे निघाला. वर तंबूंत घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं ताजं कुमिस मिळतं, ते प्यायचं, दिवसभर हुंदडायचं, असा बेत होता.

"कमरेला घट्ट धर," तो म्हणाला.

"हात पोचत नाहीत हो."

"एवढा जाडा आहे का मी?" तो हसला. ती हसली नाही.

गाव संपायच्या आत तिनं सीटवर थडाथड हात आपटायला सुरुवात केली. त्यानं गाडी थांबवली. ती उतरली ती चार पावलं मागे सरून उभी राहिली, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? उलटी येतेय का?"

"मी चालत येते."

"अगं पण झालं काय?"

"मला कुणी समोरून असं टक लावून बघितलेलं आवडत नाही."

एसेनकुलच्या काळजात धस्स झालं, आणि लगेच त्या धस्स झाल्याचाच त्याला राग आला. "वेडी आहेस का? तुझ्या समोर माझी पाठ असते, पाठ!"

बुरुलनं त्याच्याकडे बघितलं. "तुमची पाठ मला दिसलीच नाही," ती म्हणाली, आणि गावाकडे वळून चालू लागली.

त्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही. माहेरी जायचं तर व्हॅननं, बाजारात जायचं तर पायी. लोकांना तेवढंच पाहिजे होतं. एवढी गाडी सजवली आणि स्वतःची बायको काही बसत नाही! एसेनकुल हे ऐकायचा आणि आतल्या आत जळायचा. बायकोनं हसत या गाडीवर बसावं, आपण तिला तिच्या बापाच्या दारात नेऊन उतरवावं, एवढीच त्याची इच्छा. मीरिम झाल्यावर ती इच्छा त्याच्या डोक्यातच बसली. लेकीला आजोळी न्यायचं ते आपल्या गाडीवरूनच.

५

"तूच तिचं डोकं भरवलंस!" एके दिवशी तो आईवर बरसला.

सोनुनबुबू ओसरीत वाळवायच्या दह्याच्या, कुरुतच्या गोळ्या वळत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. "मी तिला अवाक्षर सांगितलेलं नाही. त्याचं नावसुद्धा मी या घरात काढत नाही."

"मग तिला कसं कळलं?"

"काय कळलं?" आईनं मान वर केली, आणि एसेनकुल दुसरीकडे बघायला लागला. तिनं उसासा टाकला. "मी त्याचं तोंड मागे केलं होतं रे. घर डोळे भरून बघावं आणि जावं म्हणून. तो बसतो न बसतो तोच तू त्याला उचलून घेऊन गेलास. इतकी वर्षं बिचारा घराकडे बघतोय आणि तू त्याला फिरवतोयस. अजून वेळ गेलेली नाही. सीट उलटी कर, एक वर्ष हात लावू नकोस, मग दे मोडीत."

हात लावू नकोस! आईच्या तोंडून ते शब्द आले आणि एसेनकुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी गाडी आहे ती! रक्त आटवलंय मी तिच्यापायी! त्याचा एक नटसुद्धा उरलेला नाही तिच्यात!"

"सीट कुणाची आहे?" आईनं विचारलं.

त्यानं गाडीकडे बघितलं. खरंच की. कव्हर चारदा बदललं होतं, फोम बदलला होता, पण आतला लोखंडी सांगाडा जुनाच होता. तो ताडकन उठला, सीट उपटून अंगणात आणली आणि करवतीनं तिचे तुकडे तुकडे केले. तिलेककडून एक छोटी सीट बनवून आणली, एकाच माणसापुरती. मागे नुसता उघडा मडगार्ड ठेवला, तळहाताएवढीसुद्धा जागा नाही.

"आता म्हणावं बस कुठे बसतोस ते!" तो गाडीपाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला.

"अरे, असं बोलू नये," आई ओसरीतून म्हणाली.

पण स्प्रिंग वर आली. पूर्ण वर आली आणि राहिली. आठवडा गेला, महिना गेला, टिच्चून ताठ. त्यानं धीर करून आरसे बाहेर वळवले. आरशात रस्ता होता, पॉप्लरची झाडं होती, बाकी काही नाही. एसेनकुल भर रस्त्यात गाडीवर बसून वेड्यासारखा हसत सुटला.

मग त्यानं बाजूला जोडायला साइडकार आणली. त्यांच्या तेरेक-सू गावात तिला पाळणाच म्हणतात. गिरणीवाल्याकडे पडून होती, ठोकून रंगवली, वर कापडी टप बसवला, आत मेंढीचं कातडं अंथरलं. बुरुलनं आधी दुरून बघितलं, मग जवळ आली, एकट्याच्या सीटवरून हात फिरवला.

"पाळण्यात बसेन," ती म्हणाली. "पण एक सांगते. लेकरू सोबत आहे, हळू चालवा. प्रत्येक वेळी सांगते, तुम्ही एकदासुद्धा ऐकत नाही."

"ऐकेन गं बाई. घे, शब्द दिला."

६

लख्ख उजाडलेली सकाळ होती, मीरिमला आजोळी न्यायचा दिवस. सोनुनबुबूनं वाटेसाठी कणकेच्या तळलेल्या बोरसोकांची पिशवी दिली, नातीचा मुका घेतला. गाडीकडे मात्र तिनं बघितलं नाही. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या आणि एसेनकुलची मान ताठ झाली होती. बघा म्हणावं, बसली की नाही बायको!

घाट लागेपर्यंत त्यानं शब्द पाळला. मग रस्ता मोकळा मिळाला, गाडीचा आवाज कडेकपारींत घुमायला लागला आणि त्याच्या हातानं आपोआप अ‍ॅक्सिलरेटर पिळला. पाळणा दगडांवरून उडायला लागला.

"अहो, हळू!" बुरुल ओरडली.

"काही होत नाही!"

"हळू म्हणते ना! लेकरू घाबरतंय!"

"पोरगी माझी आहे, घाबरत नाही ती!" तो वाऱ्यावर ओरडला आणि आणखी पिळला. त्याला कुणी शिकवलेलं नको होतं, आज तर अजिबातच नको होतं.

माथा जवळ आला तशी वाऱ्याची एक झडप आली आणि मीरिमची लोकरी टोपी उडून मागे गेली. बुरुलनं आता नुसता आरडाओरडा केला. त्यानं चरफडत गाडी थांबवली. चढावर बंद केली तर पुन्हा सुरू करताना जीव खाते, म्हणून इंजिन चालूच ठेवलं, गिअर काढला, चाकामागे दगड लावला.

"टप ओढून घे, वारा आहे," तो फणकाऱ्यानं म्हणाला. "टोपी बांधता येत नाही धड एक!"

बुरुलनं लेकीला छातीशी धरून टप पुढे ओढला. आता त्यातून पुढचा रस्ता तेवढा दिसत होता. एसेनकुल टोपीमागे उतारावर चालत गेला. टोपी एका दगडाला अडकली होती. तो वाकला आणि त्यानं ती उचलली.

तेव्हा मागे स्प्रिंग कुरकुरली.

तो आवाज त्याच्या अंगात मुरलेला होता. माणूस गाडीवर मांड टाकतो तेव्हाच येणारा आवाज. त्यानं वळून बघितलं. जावाचं मागचं अंग हळूहळू खाली गेलं आणि स्थिर झालं. मग खट्ट करून गिअर पडला.

७

उतार असेल, असं त्याला वाटलं. उतारावर गाडी आपोआप सरकते. पण तो स्वतः उतारावर उभा होता आणि गाडी त्याच्या वर होती, माथ्याच्या दिशेनं तोंड करून. चढावर गाडी आपोआप पुढे जात नाही. दगड चाकामागेच राहिला आणि जावा पुढे निघाली.

"ए!" तो धावला. "ए थांब! बुरुल!"

सायलेन्सरनं त्याचा आवाज गिळून टाकला. तो सायलेन्सर त्यानंच निवडून बसवला होता. निळा धूर तोंडावर आला, डोळ्यांत गेला. त्या धुरातून त्याला एकट्यापुरती सीट दिसली, आणि ती रिकामी नव्हती.

टपाखालून बुरुलचा आवाज आला, रोजचाच, वैतागलेला. "आता तरी हळू चालवा!"

आणि गाडी हळू झाली. अगदी आज्ञाधारकपणे, खड्डा चुकवत, पाळण्याला धक्का न लावता.

"मिळाली का टोपी? बाई गं, आज सूर्य कुठे उगवला!" बुरुल म्हणाली. तिच्या बोलण्यात हसू होतं. "असंच चालवा आता माहेरच्या दारापर्यंत."

एसेनकुल छाती फुटेपर्यंत धावत होता. वारा फिरला, धूर बाजूला झाला. तीन जाड पट्ट्यांची काळी टोपी. इतकी वर्षं आरशात पाठमोरी बघितलेली. आता तर तो स्वतःच मागून बघत होता, तेव्हा मागचं बक्कल दिसायला हवं होतं.

बक्कल दिसलं नाही. गाडी पुढे जात होती आणि तो मागे तोंड करून बसला होता. सीट उलटी केल्यावर बसतात तसा.

धूर परत आडवा आला. शेवटचं एवढंच दिसलं, की एक हात हँडल सोडून बाजूला गेला आणि पाळण्याच्या कडेवरून आत, लेकराकडे झुकला.

"हात लावू नकोस!" एसेनकुल ओरडला.

सगळा घाट त्या शब्दांनी दणाणला. तो थबकला, कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, लहानपणी घरातून अंगणात यायचा तो. कानात शिट्टी वाजायला लागली. हातात लेकीची टोपी गच्च धरून तो पुन्हा ओरडला, तेच, आणखी मोठ्यानं, आणि वर माथ्यावरून मीरिमचं खिदळणं ऐकू आलं. मग जावा पलीकडे उतरली, सावकाश, त्यानं कधी चालवली नव्हती इतकी सावकाश.